कापलेले चौदा तुकडे

पाळणाघरापासून आमच्या सोसायटीपर्यंत सात स्पीडब्रेकर आहेत. ओजू सहा महिन्यांची असल्यापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळी त्यांच्यावरून रिक्षाने जातो. स्पीडब्रेकर यायच्या जरा आधी मी दोन्ही पाय रोवते, एका हाताने समोरची दांडी धरते आणि ओजूला छातीशी घट्ट घेऊन सीटवरून चार बोटं वर उठते. धक्का माझ्या गुडघ्यांत जिरतो, तिच्यापर्यंत पोचत नाही. मुलुंड पूर्वेच्या स्टँडवरचे रिक्षावाले आता मला ओळखतात. एकाने आरशातून बघत विचारलंही होतं, "मॅडम, सीट गरम आहे का?"

प्रितम, माझा नवरा, म्हणतो मी अति करते. "आपण काय कापसात गुंडाळून वाढलो का गं?" नसू. पण मूल झाल्यापासून मला रस्ता वेगळाच दिसतो. खड्डा दिसायच्या आधी त्याचा हादरा मानेत जाणवतो. झोपलेल्या ओजूचं पोट वरखाली होतंय ना, हे मी अजूनही रात्रीतून दोनदा बघते. ती आता दीड वर्षाची आहे.

सीटवरून उठायची ही सवय आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या हातून जी चूक झाली ती हिच्यातूनच झाली.

मी घाटकोपरला एका लॅबमध्ये कामाला आहे. गाड्यांना बसणारे धक्के आणि कंपनं आम्ही मोजतो. गेली तीन वर्षं माझ्याकडे चिलखती गाड्यांचं काम आहे, त्यातही सीटचं. दहा-बारा टनांची पोलादी पेटी दगडधोंड्यांवरून पळते तेव्हा आत बसलेल्याच्या कण्यात किती धक्का जातो, आणि रोज किती तास तो सोसला तर चालेल, हे आकड्यांत सांगायचं. बंदुकीच्या गोळीपासून माणूस वाचावा म्हणून गाडीला चिलखत असतं. सीटपासून वाचवायला कुणी नसतं, असं आमचे विन्सेंट सर नव्या लोकांना शिकवताना म्हणतात.

मोजायचं साधन अगदी साधं आहे. रबराची एक चपटी, गोल चकती, तिच्या पोटात सेन्सर. ती सीटवर ठेवायची आणि चालकाने तिच्यावर बसायचं. लॅबमध्ये तिला सगळे भाकरी म्हणतात. कंपनीच्या यादीत तिचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त खरेदीच्या कागदावर.

त्या भाकरीवर सगळ्यात जास्त बसलेला माणूस म्हणजे चंदूकाका. माहुलच्या कोळीवाड्यातले, बावन्न वर्षांचे. अठरा वर्षं सैन्यात चिलखती गाड्या चालवल्या, मग निवृत्त होऊन आमच्याकडे चाचणीचे चालक म्हणून आले. सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर होडी घेऊन जायचे. लॅबच्या पॅन्ट्रीत डबा उघडला की सुक्या जवळ्याचा वास तिसऱ्या मजल्यापासून लिफ्टपर्यंत जायचा आणि कुणीतरी नाक मुरडायचं. काका म्हणायचे, "तुमी समदे भाकरी खाताव, मी भाकरीवर बसतो. वास सोसा जरा."

मी गरोदर असताना आठव्या महिन्यापर्यंत मैदानावर जात होते. तेव्हा गाडी शेडमधून बाहेर काढायच्या आधी काका मला खाली उतरवायचे. "तुमी हितंच थांबा बाय. पोराला आतापासून रणगाडा नको." एरवी मॅडम, पण त्या तीन महिन्यांत मी बाय होते.

आमच्या कामात एक पद्धत आहे. चालक गाडी चालवताना मधूनच उठतो. टोपी सावरतो, पँट वर ओढतो, पुढचा रस्ता बघायला मान उंच करतो. तो उठला की भाकरीवरचं वजन जातं, संगणकावरची रेष केसाळ होते आणि तो परत बसला की एक उंच सुळका येतो. हा सुळका गाडीचा नसतो, माणसाच्या बसण्याचा असतो. म्हणून तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि अहवालाच्या मागे तक्त्यात वेळ आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द, 'चालक उठला'. यात लबाडी काही नाही. जगभर असंच करतात.

पण तो खरंच उठला होता का, हे कळायला आमच्यातला एकजण वही घेऊन गाडीत मागे बसतो. बाराव्या मिनिटाला काका टोपीसाठी उठले, एकविसाव्याला खाकरायला उठले, असं लिहीत राहतो. ती वही नेहमी माझी असायची. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावरही मी दोनदा गेले होते, घाटावर, नगरच्या पुढे, सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परत.

मार्चमधल्या चाचणीला मी गेले नाही. ओजूचा कान दुखत होता, अंगात ताप होता. नव्या सीटची चाचणी होती, तारीख पुढे ढकलता येत नव्हती. नितेश गेला, पण त्याचं काम वायरी आणि सेन्सर लावण्याचं. त्यात नव्या गाडीत मागची जागा उपकरणांनी भरलेली. त्यामुळे तो शेडमध्येच थांबला आणि वही कोरी आली.

फाईल माझ्याकडे आली त्या दिवशी ओजूला परत पाळणाघरात ठेवायला सुरुवात केली होती. पाळणाघर प्रेमाताईंचं. त्या प्रेमळ आहेत, पण साडेसहाला कुलूप म्हणजे कुलूप. मी पावणेसहाला घाटकोपरहून निघाले नाही तर सहा एकतीसला फोन येतो, "हेमांगी, तुझी लेक चपला घालून दारात बसलीय गं." हे वाक्य ऐकलं की मला जे होतं, ते मोजायचं साधन अजून निघालेलं नाही.

सव्वापाच वाजले होते. रेषेवर चौदा ठिकाणी तेच दिसत होतं. रेष केसाळ, मग सुळका. चौदा जरा जास्तच वाटले. मी काकांना फोन लावला.

"काका, परवा मध्ये मध्ये उठत होतात का हो?"

"मी कशाला उठू?" ते म्हणाले. मागे मासळीचा लिलाव चालला असावा, खूप आवाज होते. "मी उठत नाय मॅडम. गाडी उठवते मला."

मी हसले. खरंच हसले, मला आठवतंय, कारण शेजारच्या टेबलावरची भाविका काय झालं म्हणून विचारू लागली आणि मी तिला ते वाक्य सांगितलं, तीही हसली. काका विनोदी माणूस. आणि होडीत वाढलेला माणूस लाट आली की गुडघ्यावर उठतोच, त्याला स्वतःला ते कळतही नाही, असं मी मनात धरलं. मी नाही का रोज सात वेळा उठत? धक्का येताना दिसला की शहाणं माणूस उठतं. मला हे इतकं उघड वाटलं की दुसरं काही असेल हे डोक्यात आलंच नाही.

चौदा तुकडे कापले. चौदा वेळा 'चालक उठला' लिहिलं, म्हणजे एकदा लिहून तेरा वेळा खाली ओढलं. उरलेल्या रेषेचा हिशोब लावला तर सीट मर्यादेच्या आत बसत होती. फार आत नाही, पण आत. विन्सेंट सरांनी सही केली. साडेसहाला पाच मिनिटं असताना मी पाळणाघरात होते.

सीट पास झाली म्हणून पुढची पायरी सुरू झाली. तीच सीट, तीच गाडी, बावीस दिवस दगडी पट्ट्यावर पळवायची आणि काय मोडतं ते बघायचं. एप्रिलभर चंदूकाकाच चालवत होते.

जूनमध्ये ते ऑफिसात ओळखपत्र परत द्यायला आले. एक हात भिंतीला धरून चालत होते. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "नको, बसलं की उठवत नाय." त्यात त्यांनी काही मुद्दाम म्हटलं नव्हतं. कमरेच्या वर दोन मणके दबलेत, डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाडी बंद, होडी बंद, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. मी विचारलं, कशाने झालं. ते म्हणाले, "वय झालं." जाताना ओजूचा फोटो दाखवा म्हणाले, मी मोबाईलवर दाखवला.

तेव्हाही मला कळलं नाही. हे मला आता सगळ्यात जास्त टोचतं. मी ओजूच्या अंगावरचा डाससुद्धा अंधारात ओळखते, आणि हा माणूस माझ्यासमोर भिंत धरून उभा होता.

ऑगस्टमध्ये गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून एक पत्र आलं. त्यांच्या डॉक्टरांना कागदोपत्री विचारायचं होतं, की चालकाच्या पाठीच्या तक्रारीचा सीटशी काही संबंध संभवतो का. पुढच्या महिन्यात ती सीट साठ गाड्यांत बसायची होती. विन्सेंट सरांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"दोन ओळी लिहून दे. आसनावरील कंपने मर्यादेत होती. बस."

"काकांच्या पाठीचं काय कारण लिहू?"

"ते आपण कशाला लिहायचं? होडीवाला माणूस आहे हेमांगी, लहानपणापासून जाळी ओढतोय. माझे आजोबा मरोळला भातशेती करायचे, साठीत असे वाकले होते की जमिनीशी बोलायचे. कुठल्या सीटवर बसले होते ते?"

मी दोन ओळी लिहिल्या. त्या मसुद्यात ठेवून निघाले, सकाळी पाठवू म्हणून.

त्या संध्याकाळी पाऊस येऊन गेला होता आणि रस्त्यावर पाणी होतं. रिक्षावाला नवा होता. चौथा स्पीडब्रेकर झाला, मी उठले, बसले. पाचव्याला अजून वेळ होता. ओजू खिडकीकडे बोट करून भूभू म्हणत होती आणि मी तिच्या बोटाच्या दिशेने बघत होते. तेवढ्यात पाण्याखालच्या खड्ड्यात चाक गेलं.

आधी खालून आवाज आला, लोखंडाचा. मग सीट गेली. आम्ही दोघी हवेत होतो आणि मी काही म्हणजे काही केलेलं नव्हतं, पाय रोवले नव्हते, दांडी धरली नव्हती. मग खाली आदळलो. ओजूचा खालचा ओठ तिच्याच दातांत सापडला. रक्त तिच्या फ्रॉकवर, माझ्या हातावर. ती रडायच्या आधी एक क्षण नुसती माझ्याकडे बघत राहिली, तू असताना हे कसं झालं असं.

डॉक्टरांनी बघितलं. टाका नको म्हणाले, बर्फ लावा, दोन दिवसांत भरेल. प्रितम फोनवर ओरडला नाही, त्याने तर मला आणखी वाईट वाटलं. ओजू झोपल्यावर मी तिच्या सुजलेल्या ओठाकडे बघत बसले होते आणि मनात तोच क्षण परत परत येत होता, आधी आवाज, मग सीट गेली. आधी चाक, मग मी.

रोज मी उठते तेव्हा उलटं असतं. आधी मी उठते, मग चाक चढतं.

हे कळलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. कारण चाचणीच्या गाडीच्या ॲक्सलवर, चाकाजवळ, आमचा दुसरा एक सेन्सर असतो. त्याची रेष त्याच फाईलमध्ये होती. मार्चपासून होती. भाकरीची रेष आणि चाकाची रेष एकाखाली एक ठेवली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं, की काका आधी उठत होते आणि मग चाक धोंड्यावर चढत होतं, का चाक आधी आदळत होतं आणि मग काका वर जात होते. वही नव्हती तरी हे कळलं असतं. मी ते केलं नाही, कारण सव्वापाच वाजले होते आणि मला उत्तर आधीच माहीत होतं.

सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आधी दोन्ही रेषा लावल्या. पहिला तुकडा. चाक आधी. दुसरा. चाक आधी. पाचव्यापाशी मी थांबले, डबा उघडून एक घास खाल्ला. मग उरलेले बघितले. चौदाच्या चौदा ठिकाणी चाक आधी होतं. एकदाही काका आपण होऊन उठले नव्हते. सीटखालचा दाब झेलणारा दांडा पूर्ण दबून तळाला टेकत होता आणि माणसाला वर फेकत होता, आणि ते सुळके काकांच्या बसण्याचे नव्हते, आदळण्याचे होते. आम्हाला जे मोजायचं होतं नेमकं तेच मी कापून टाकलं होतं.

तुकडे परत जोडून हिशोब केला. सीट मर्यादेच्या कितीतरी बाहेर गेली. मार्चमध्ये हा आकडा निघाला असता तर बावीस दिवसांची ती चाचणी सुरूच झाली नसती.

विन्सेंट सर आले तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते उभ्यानेच बघत होते. मग खुर्ची ओढून बसले. चष्मा काढून पुसला.

"वही कुठाय?"

"वही नव्हती, सर. मी गेले नव्हते. ओजूला ताप होता."

"हं."

"मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, गाडी उठवते. मी हसले."

सरांनी चष्मा परत घातला आणि दोन्ही रेषा पुन्हा एकदा बघितल्या.

"हे पाठवलंस तर तुझं नाव जाईल खाली. कोणी कापलं, का कापलं, सगळं येणार."

"हो."

"पोर लहान आहे तुझी."

"त्या साठ गाड्यांत बसणारेही कुणाची तरी पोरंच असतील ना, सर."

"भाषण नको देऊस," ते म्हणाले, पण हळू. मग म्हणाले, "खाली माझीपण सही आहे. न बघता केलेली. दोघांचं लिही."

दोघांचं लिहिलं. दुरुस्त अहवाल गेला. चार दिवस फोन वाजत राहिले, मग ती सीट थांबवली, दांडा बदलायचं ठरलं. मला एक पत्र मिळालं, समज दिल्याचं, आणि नियम निघाला की वहीशिवाय एकही तुकडा कापायचा नाही. भाविका म्हणाली, "सुटलीस यार." ती चांगल्या मनाने म्हणाली. डॉक्टरांच्या पत्राला मी उत्तर दिलं, की संबंध संभवतो, चौदा वेळा नोंद आहे. कागदावर काकांची पाठ होडीने गेली नव्हती, एवढं आता सिद्ध होतं. पाठ मात्र गेलेलीच होती.

रविवारी माहुलला गेले. ओजूला घेऊन, कारण प्रितमला कामावर जावं लागलं. कोळीवाड्याच्या तोंडाशी रिक्षा सोडली. पलीकडे रिफायनरीच्या टाक्या, अलीकडे दोरीवर वाळत घातलेले बोंबील. घर विचारावं लागलं नाही. सगुणामावशी, काकांच्या पत्नी, ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसल्या होत्या. लॅबच्या पूजेला त्या एकदा आल्या होत्या, तेवढीच ओळख. त्यांनी आधी ओजूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"या. आत हायेत. झोपूनच असतात."

काका लाकडी फळीवर उताणे पडले होते, गुडघ्याखाली उशी. मला बघून उठायला लागले, मी नको नको म्हणेपर्यंत कुशीवर वळून, हाताने रेटून, तीन टप्प्यांत उठलेच. ओजूने त्यांच्याकडे दोन्ही हात केले. ती कुणाकडेही जाते. काकांनी हात पुढे केले आणि मागे घेतले.

"वर घ्यायचं नाय मला. तू ये, हितं बस बाजूला." त्यांनी फळीवर थोपटलं. "ओठाला काय झालं पोरीच्या?"

"रिक्षा खड्ड्यात गेली."

"तुमी उचलून धरलं नाय?"

"दिसला नाही खड्डा."

त्यांनी मान हलवली, दिसला नाही तर काय करणार, अशी. मी पिशवीतून कागद काढला. दोन रेषा छापून आणल्या होत्या. कुठली भाकरीची, कुठली चाकाची, ते दाखवलं. काकांनी कागद लांब धरला, बोट फिरवत बघितलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"चाक आधी," ते म्हणाले.

"हो. तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. माझी चूक आहे, काका. मी तेव्हा नीट बघितलं असतं तर एप्रिलमध्ये तुम्हाला बसावंच लागलं नसतं त्या सीटवर."

दारात सगुणामावशी येऊन उभ्या होत्या, हाताला करंदीची टरफलं. "घरी येऊन बोललेले हे," त्या म्हणाल्या. "म्हणे फोन आलेला, मॅडमना सांगितलं, आता बघतील त्या. तुमी हसलात म्हणे."

"हसले मी."

"हां." त्यांचा आवाज चढला नाही. "रोज सांजचं इचारायची मी, बघितलं का त्यांनी. हे म्हणायचे, बघत असतील. शिकलेली मुलगी हाय, बघेल."

"सगुणे, चाय टाक," काका म्हणाले.

"टाकते. सांगू तर दे."

त्या आत गेल्या. मी जमिनीकडे बघत होते. ओजू काकांच्या उशीवर डोकं ठेवून झोपायचं सोंग करत होती. काकांनी कागद परत उचलला.

"किती लिवलेत?"

"चौदा."

"सतरा."

मी वर बघितलं.

"सतरा व्हते," ते म्हणाले. "मी मोजलेले. गाडीत दुसरं काय करायचं? येक येक आदळला का मोजायचो. शेवटचे तीन तर परत फिरताना, शेडच्या अलीकडचा उतार हाय ना, थितं. त्यातलाच येक लय लागला. थितंच काय तरी झालं आत, आवाज आला मना."

"शेडकडे येताना?"

"हां. मंग उतरून नितेशला बोललो पण, की आज लय फेकलं."

फाईल बेचाळीस मिनिटांची होती. अडतिसाव्या मिनिटानंतर गाडी परत फिरते, वेग कमी असतो, तिथे काही घडत नाही, म्हणून शेपूट तिथेच छाटायचं असा माझा नेहमीचा अंदाज. दुरुस्ती करतानासुद्धा मी छाटलेलीच फाईल उघडली होती. चौदा कापलेले परत जोडले आणि मला वाटलं होतं सगळं जोडलं.

चहा आला. तो मी प्यायले, कसा होता सांगता येणार नाही. निघताना सगुणामावशींनी ओजूच्या हातात बिस्किट दिलं आणि तिच्या ओठावरून बोट फिरवलं.

सोमवारी मूळ फाईल उघडली. एकोणचाळीस मिनिटं, दहा सेकंद. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं, पन्नास सेकंद. तिन्ही ठिकाणी चाक आधी. शेवटचा सुळका इतका उंच होता की स्क्रीनवर मावत नव्हता, मला रेष लहान करून बघावी लागली.

विन्सेंट सर म्हणाले, "सीट थांबलीच आहे ना? चौदाने काम झालं. आता तीन आणखी टाकून काय मिळणार? उलट म्हणतील, ह्या लोकांना दुसऱ्यांदाही नीट बघता आलं नाही."

"म्हणू देत."

"हेमांगी."

"सतरा आहेत, सर. त्यांनी मोजलेत."

त्यांनी हात वर केले आणि केबिनमध्ये गेले. मी दुसरी दुरुस्ती लिहिली, वेळा टाकल्या, डॉक्टरांच्या पत्रालाही पुरवणी जोडली. पाठवून झाल्यावर घड्याळ बघितलं, पाच वीस. अजून वेळ होता. काकांना फोन लावला.

"सतराच आहेत, काका."

"मंग." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "लिवलंत?"

"लिहिलं. पाठवलं."

"बरं झालं." पलीकडे कुणीतरी होडी ढकलत होतं, हैया हैयाचे आवाज येत होते, त्यात काकांचा भाऊ कुणाला तरी शिव्या देत होता. काका ते ऐकत असावेत. मग म्हणाले, "पोरीचा ओठ कसा हाय?"

"झाला बरा," मी म्हटलं. "लहान मुलांचं लगेच भरून येतं."

बोलून गेल्यावर मला लाकडी फळीवरचे काका दिसले. होडी पाण्यात गेली असावी, कारण मागचे आवाज एकदम कमी झाले. काका म्हणाले, "जावा तुमी, पोर वाट बघत असंल," आणि फोन ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.